ताईच्या दारावरचा ठिपका

आधीच सांगून टाकते, ठिपकेसाहेब आमच्या कॉलेजात आले तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. उगाच नंतर कुणी म्हणायला नको की ही बाई पहिल्यापासूनच विरोधात होती. मी अर्थशास्त्र शिकवते. सरकारी कॉलेजात लोकांचा पैसा कसा वाया जातो हे इतकी वर्षं उघड्या डोळ्यांनी बघत आले होते, आणि त्यावरून स्टाफरूममध्ये इतकी भांडले होते की पाठीमागे मला सगळे तिखटबाई म्हणायचे. म्हणेनात का! शेजारशेजारच्या विभागांनी एकाच वर्षी तेच महागडं यंत्र वेगवेगळं मागवायचं आणि सगळ्यांनीच ते खोक्यात ठेवून द्यायचं. वरच्या मजल्यावरचं सभागृह मोडक्या बाकांनी भरून कुलूपबंद, आणि मुलं अभ्यासाला जिन्यात. एक महाशय तर मस्टरवर सही ठोकून घरी जायचे ते पगाराच्या दिवशी उगवायचे. याचा जाब कुणीतरी विचारायलाच हवा होता.

तो विचारणारा आला तो अगदी पाय न वाजवता. कार्यक्षमता अधिकारी असं त्याचं पद. किडकिडीत माणूस, हळू आवाज, रबरी तळव्याचे बूट. कुणाच्या खुर्चीत बसायचा नाही, कुणाचा चहा घ्यायचा नाही. हातात पिवळ्या गोल ठिपक्यांचं भेंडोळं. प्रत्येक दाराशी एक छोटं यंत्र बसवलं गेलं आणि आत जाताना गळ्यातलं कार्ड त्याला टेकवायचं असं ठरलं. खोली पुरेशी वापरात नाही असं दिसलं की साहेब येऊन दारावर एक ठिपका चिकटवायचे. वापर वाढला तर स्वतःच येऊन काढायचे. सत्र संपेपर्यंत वाढला नाही तर खोली बंद, आणि त्या खोलीत काम करणारं माणूस ‘मोकळं’. हा त्यांचा शब्द. काढून टाकलं असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही.

ठिपकेसाहेब हे नाव ठेवलं इतिहासवाल्या सरांनी. हे सर म्हणजे आमच्या स्टाफरूमचे नकलाकार. शिपायापासून मंत्र्यापर्यंत कुणाचीही हुबेहूब नक्कल करायचे, आणि साहेबांची तर इतकी छान की एकदा प्राचार्य दारात उभे राहून पोट धरून हसले होते. तेव्हा आम्ही हसत होतो. सभागृह उघडलं, बाक दुरुस्त झाले, सही ठोकून जाणारे महाशय मोकळे झाले. मी साहेबांना वाटेत गाठून शाबासकीसुद्धा दिली. त्यांनी मान झुकवून आभार मानले.

मग नकाशांच्या खोलीचा नंबर लागला. ती सांभाळणारे एक वयस्कर गृहस्थ होते, सगळे त्यांना नकाशेकाका म्हणत. सुटी संपवून आलो तर खोलीला कुलूप. दारावरची पाटी नाही, आणि पाटीचे स्क्रू होते ती भोकं पुट्टी भरून, रंग लावून इतकी गुळगुळीत केलेली की तिथे कधी पाटी होती असं वाटू नये. मी प्राचार्यांना विचारलं तर ते फाइलमध्ये बघत म्हणाले की काका मोकळे झाले. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, मी स्टाफरूममध्ये येऊन म्हटलं की नकाशे आता फोनवर मिळतात, खोली कशाला हवी अडवायला. पुढे काका बाजारात भेटले तेव्हा त्यांनी मला ओळख दाखवली नाही.

आणि एका सकाळी ठिपका दिसला तो माझ्या ताईच्या दारावर.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, आमच्या कॉलेजची नर्स. तळमजल्यावर कोपऱ्यात तिची सिकरूम. दोन खाटा, मध्ये पडदा, एक बेसिन, काचेचं कपाट, भिंतीला टेकवलेलं स्ट्रेचर. आई-वडील गेले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते आणि ही नर्सिंग शिकत होती. तिने मला वाढवलं, शिकवलं, माझं लग्न लावून दिलं आणि स्वतःचं करायचं राहूनच गेलं. मी प्राध्यापक झाले त्या दिवशी तिने तेव्हाच्या इस्पितळातल्या अख्ख्या वॉर्डात पेढे... नाही, मोसंबी वाटली होती, कारण तिच्या मते पेशंटला गोड बाधतं. अशी ती. सिकरूमच्या मागे तिची एका खोलीची क्वार्टर आहे. पेन्शन पदरात पडायला दोन वर्षं उरली होती. त्याआधी पद गेलं तर पेन्शनही गेली आणि डोक्यावरचं छप्परही. माझ्या घरी ये म्हटलं की म्हणायची, “पाहुणी म्हणून येईन हो छोटे, पण बिऱ्हाड घेऊन नाही.” तिचा हट्ट मला ठाऊक आहे, त्यापुढे मी कधीच हात टेकलेत.

ठिपका लागला तो तिच्याच बोलण्याने. साहेबांनी विचारलं, गेल्या सत्रात आजारी किती आले? कुणीही शहाण्या माणसाने चार वाढवून सांगितले असते. ताईने मान ताठ करून सांगितलं, फारच कमी. ज्या महिन्यात माझ्या दोन्ही खाटा रिकाम्या असतात तो चांगला महिना, मुलं ठणठणीत आहेत, हात धुवायला मी शिकवलंय त्यांना. साहेब म्हणाले, उत्तम. आणि बाहेर येऊन दारावर ठिपका लावला.

ठिपका कसला गं, असं तिने मला विचारलं. ती स्टाफरूममध्ये येत नसे, कुणाच्या भानगडीत नसे, नोटिसा वाचत नसे. मी म्हटलं, रंगकाम निघणार आहे, त्याची खूण असेल. ती म्हणाली, बरं होईल, ओल आलीय त्या कोपऱ्याला.

आता हे तिला सरळ सांगून मार्ग काढता आला असता असं ज्याला वाटतं त्याने माझी ताई पाहिलेली नाही. लहानपणी दुकानदाराने चुकून जास्त सुटे दिले तर मला उन्हात परत पिटाळणारी बाई ती. नोकरी वाचवायला खोटे पेशंट आणते म्हटलं असतं तर तिने उठून साहेबांच्या पुढ्यात जाऊन मला उभं केलं असतं. म्हणून ठरलं की ताईला कळू द्यायचं नाही. ठरवलं मीच, पण स्टाफरूममधल्या एकाने नाही म्हटलं नाही. प्रत्येकाला ताईने कधी ना कधी सांभाळलं होतं. इतिहासवाल्यांच्या मुलाला शाळेत फेफरं आलं तेव्हा ही चालत्या रिक्षात त्याचं डोकं मांडीवर धरून बसली होती. ग्रंथपालबाईंच्या आईची जखम ही रोज घरी जाऊन धुवायची. मुलांना मात्र पाठवायचं नव्हतं, कारण मूल तासाला नसलं की वर्गाची हजेरी घटते आणि मग त्या वर्गाच्या दाराला ठिपका. तेव्हा आजारी पडायचं ते आपण, आपल्या रिकाम्या तासाला.

काय सोंगं आणली एकेकाने! इतिहासवाल्यांनी पाठ निवडली. भिंतीला धरून, ओठ आवळून असे जायचे की शिपाई खुर्ची घेऊन मागे धावायचा. भौतिकशास्त्रवाल्यांना पित्त, ग्रंथपालबाईंना भोवळ. मी डोकेदुखी घेतली, कारण ती बाहेरून दिसत नाही आणि माझ्या स्वभावाला शोभते असं सगळ्यांचं मत पडलं. आम्ही कार्ड टेकवायचो, आत जायचो, खाटेवर पडायचो. परत आल्यावर कुणाला काय औषध मिळालं त्याच्या चर्चा. इतकं हसलो त्या दिवसांत की विचारू नका. सगळे मिळून एक चांगलं काम करतोय, याचा मला फार आनंद होता.

आणि ताई? ताई फुलली. पडदे धुतले, खाटांवर नव्या चादरी आल्या. कुणाला कसला त्रास आहे हे सगळं तिला तोंडपाठ. इतिहासवाल्यांना पाठीचे व्यायाम शिकवले आणि ते रोज करतात की नाही हे त्यांच्या बायकोला फोन करून विचारायची. सरांना घरी खरोखर व्यायाम करावे लागले. माझ्यावर तर तिचं बारीक लक्ष. खिडकी अर्धी लावायची, कपाळावर थंड फडकं ठेवायची आणि उशाशी बसून राहायची. मी डोळे मिटून पडायचे. तिच्या हाताला अजून त्याच साबणाचा वास येतो, मी लहान असताना यायचा तोच. खरं सांगायचं तर काही वेळा मला तिथे झोपच लागायची.

सत्र संपायच्या आत साहेब आले, दारावरचा ठिपका नखाने अलगद सोडवला आणि भेंडोळ्याच्या मागच्या बाजूला चिकटवून गेले. माझा जीव भांड्यात पडला. आता थांबूया असं मीच म्हणाले. पण इतिहासवाले म्हणाले, एकदम थांबलो तर पुढच्या सत्रात पुन्हा लागेल, थोडं चालू ठेवू. बरोबर होतं त्यांचं. चालू ठेवलं.

पुढच्या सत्राच्या सुरुवातीला स्टाफरूममध्ये गेले तर सगळे भिंतीकडच्या कपाटांकडे बघत बसलेले. प्रत्येकाला तिथे एक लोखंडी कपाट आहे, पुस्तकं-डबा ठेवायला, वर नाव. इतिहासवाल्यांच्या कपाटावर, नावाच्या बरोबर शेजारी, पिवळा ठिपका. भौतिकशास्त्रवाल्यांच्या. ग्रंथपालबाईंच्या. माझ्याही. नव्या, हंगामी पगारावर आलेल्या पोरांच्या कपाटांवर काही नव्हतं. ती पोरं चहाचे कप घेऊन खिडकीशी उभी होती आणि आमच्याकडे बघायचं टाळत होती. आजवर माणसावर ठिपका लागला नव्हता. इतिहासवाल्यांनी नक्कल करायला तोंड उघडलं आणि मग मिटलं.

मी तशीच फणकाऱ्याने उठले आणि साहेबांना शोधत निघाले. माझा वर्ग आजवर रिकामा दिसलेला नाही, उभं राहून ऐकतात मुलं, मग हा ठिपका कशाचा, हे मला विचारायचं होतं. ते दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात भेटले, एका दाराच्या यंत्रावरची धूळ रुमालाने पुसत. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. आवाज चढला होता एवढं नक्की, कारण दोन वर्गांतली मुलं बाहेर डोकावली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की माझ्या शिकवण्याबद्दल तक्रार नाहीच. पण मी गेल्या सत्रात इतक्या वेळा आजारी पडले आहे की अशा प्रकृतीच्या माणसावर पूर्ण पगाराचा वर्ग सोपवणं लोकांच्या पैशाला धरून होणार नाही. ज्येष्ठ लोक एवढे आजारी असतील तर त्यांना प्रकृतीच्या कारणावरून सन्मानाने मोकळं करावं, त्यांच्या जागी हंगामी तरुण मंडळी आहेतच.

मी म्हटलं, डोकं दुखलं म्हणून कुणी नोकरीवरून जातं का?

तेव्हा त्यांनी रुमालाची घडी केली आणि खिशात ठेवली.

“मॅडम, मला दोन शक्यता दिसतात,” ते म्हणाले. “एक, तुम्ही सगळे खरंच आजारी आहात. दुसरी मी बोलून दाखवत नाही. ती खरी असली तर नुकसान फक्त एका व्यक्तीचं होईल, आणि ते तुम्हाला चालणार नाही, असा माझा समज आहे. चुकत असेन तर सांगा.”

त्यांना सगळं माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे. कदाचित पहिल्यांदा इतिहासवाले भिंत धरून निघाले तेव्हापासूनच. एका नर्सचा पगार तो काय, आणि आमच्या सगळ्यांचा मिळून किती, हे मला कुणी शिकवायला नको होतं. ताईचं पद वाचलं ते आमच्या हुशारीने नव्हे, तर त्यांनी वाचू दिलं म्हणून.

“आम्ही कुणावर अविश्वास दाखवत नाही,” ते पुढे म्हणाले.  कॉलेजात वैद्यकीय अधिकाराचं माणूस एकच आहे.”

त्यानंतर माझा तास होता. वर्गात गेले, फळा पुसला, शिकवायला लागले. मला शिकवायला आवडतं. हे मी कधी कुणाला बोलून दाखवलेलं नाही, कारण स्टाफरूममध्ये असं म्हटलं की लोक हसतात. पण एखादी अवघड गोष्ट सांगत असताना मागच्या बाकावरचं एखादं पोर एकदम मान वर करतं, त्याला समजलेलं असतं, त्या क्षणासाठी मी घरून निघते. त्या दिवशी मी मध्येच थांबले आणि पुढचं वाक्य सुचेना. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, मॅडम, डोकं दुखतंय का, नर्सबाईंना बोलावू का? सगळ्या कॉलेजाला माहीत झालं होतं माझं डोकं.

संध्याकाळी मी ताईच्या क्वार्टरवर गेले, सगळं खरं सांगून टाकायचं असं ठरवूनच. ती गणवेशाला इस्त्री करत होती. समितीचं बोलावणं तिला आलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळचं. इतकी खूश की मला बस म्हणायचंही भान नव्हतं. म्हणाली, छोटे, एवढ्या वर्षांत मला कुणी कधी कशाला बोलावलं नाही गं. मीटिंग असली की मी बाहेर पाण्याची सोय बघायची. उद्या मला विचारणार आहेत, नर्स म्हणून.

मी खडा टाकून पाहिला. म्हटलं, ताई, काय सांगशील?

“जे बघितलं ते.”

मी म्हटलं, किरकोळच तर असतं सगळं, तसं सांग. पाठ काय, पित्त काय, वयाने होतंच. माझं डोकं तर काहीच नाही, उन्हातून आलं की चढतं. ती इस्त्री उभी करून माझ्याकडे वळली. म्हणाली, तुझं हे असंच, सगळं हसण्यावारी. मी उशाशी बसते तेव्हा तू झोपेत कपाळाला आठ्या घालतेस, दात खातेस, ते मी बघते. तू किती दमलीयस ते तुला कळत नाही.

मग ती खाटेच्या कडेला बसली आणि सांगायला लागली. गेल्या वर्षी तिने राजीनामा लिहायला घेतला होता. दिवस दिवस कुणी फिरकायचं नाही, रिकाम्या खाटांच्या चादरी बदलत बसायची, वाटायचं फुकटचा पगार खातेय. “पण आता तसं नाही गं वाटत. तुम्ही सगळे येता. मला वाटतं, मी आहे म्हणून तुमचं निभतंय.”

जिभेवर आलेलं तिथेच राहिलं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? सकाळी समितीपुढे जाऊन तिने शब्द न गाळता तेच सांगितलं असतं, स्वतःचं पद स्वतःच्या हाताने साहेबांच्या पुढ्यात ठेवलं असतं आणि बॅग भरली असती. आणि पद गेल्याचं तिने एक वेळ सोसलं असतं, पण एकही पेशंट खरा नव्हता हे? मी मनाशी म्हटलं, बोलून बोलून काय बोलेल, डोकं दुखतं म्हणेल. डोकेदुखीवर समिती कुणाला घरी पाठवत नाही. मी चहा घेतला, गणवेश छान झालाय म्हटलं आणि निघाले.

सकाळी प्राचार्यांच्या दालनाबाहेरच्या बाकावर मी आणि इतिहासवाले सर बसलो. आम्हाला बोलावलेलं नव्हतं, पण तास सुरू होईपर्यंत दुसरीकडे बसवेना. समोरच्या भिंतीला नवा रंग होता. ताई आत गेली तेव्हा तिने बाकावरून जाताना सरांना पाठ टेकवून बसा असं बजावलं. ते टेकून बसले. दार लागलं. आतून काही ऐकू येत नव्हतं, मधूनच खुर्ची सरकल्यासारखा आवाज. सर हळूच म्हणाले की त्यांच्या मुलाच्या औषधांचे पैसे कॉलेजकडून मिळतात, नोकरी गेली तर ते बंद होतील. हे मी आधी विचारातच घेतलं नव्हतं. मी म्हटलं, काही होत नाही हो, ताई आपली आहे.

बराच वेळ गेला. दार उघडलं ते साहेबांनी, आतून, तिच्यासाठी धरून. ताई बाहेर आली. तिचे डोळे रडून लाल झालेले आणि चेहरा मात्र उजळलेला. तिने माझे दोन्ही हात धरले.

“आधी ऐकायलाच तयार नव्हते गं,” ती म्हणाली. “प्राचार्य म्हणाले, डोकंच दुखतं ना, चालतं तेवढं. मी म्हटलं, नाही चालत. मी सगळं सांगितलं, कधी, किती, कसं. सरांच्या पाठीचं, ग्रंथपालबाईंचं, सगळ्यांचं. आणि तुझ्यासाठी तर विनवण्या केल्या. म्हटलं, माझी लेकच आहे ती, तिला आता वर्गात उभी करू नका, एक दिवस फळ्याशी कोसळेल. हे साहेब भले आहेत गं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.”

मागे दारात साहेब उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून नेहमीसारखी मान झुकवली.

“आणि मग?” मी विचारलं.

“मग काय, झालं मनासारखं. पुढच्या महिन्यापासून सुटलीस तू. सरही सुटले. आराम करायचा आता, कळलं? मी रोज येऊन बघीन.”

इतिहासवाले सर उठले. सवयीने एक हात पाठीला लावून, वाकून, व्हरांड्यातून चालायला लागले, आणि बघणारं तसं कुणी नसतानाही जिन्यापर्यंत तसेच वाकलेले गेले. ताई त्यांच्याकडे बघत म्हणाली, बघ, उठवतसुद्धा नाही बिचाऱ्यांना.

तास सुरू झाल्याची घंटा झाली. माझा होता तो. वरच्या मजल्यावर मुलं बाक ओढून बसत असल्याचा आवाज येत होता आणि मी ताईच्या हातातून हात सोडवत नव्हते. ती माझा चेहरा न्याहाळत होती, लहानपणी ताप बघायची तशी. तिचं हसू मावळलं.

“छोटे, बोलत का नाहीस? दुखतंय?”

मला तिच्यावर ओरडायचं होतं. तिला घट्ट धरून रडायचं होतं. यातलं काहीही केलं असतं तर तिने कारण विचारलं असतं.

“हो,” मी म्हटलं.

“फार?”

“फार, ताई.”

“म्हणून तर सांगितलं मी त्यांना,” ती म्हणाली, आणि माझ्या खांद्याभोवती हात टाकून मला सावकाश सिकरूमकडे घेऊन गेली.